संचालक निवृत्त होतायत म्हणून पीएचडीचा प्रवेश सोडावा का?

सोडू नका, पण फी भरायच्या आधी थोडी चौकशी करा. तुमच्या लिहिण्यावरून कळतंय ते असं: विद्यापीठाच्या अर्थशास्त्र संशोधन संस्थेत पीएचडीला नंबर लागलाय, ज्यांचं नाव बघून अर्ज केला ते संचालक उन्हाळ्यात निवृत्त होतायत आणि पुढे कोण येणार हे ठरलेलं नाही. यातलं मला खटकतंय ते शेवटचं.

संचालक गेल्याने चांगली संस्था बसत नाही. पुण्याची गोखले संस्था घ्या, तीही अर्थशास्त्राच्या संशोधनाचीच. 1930 मध्ये निघाली, तेव्हापासून 1966 पर्यंत धनंजयराव गाडगीळच संचालक. मग वि. म. दांडेकर आले. दोघांचा पिंड अगदी वेगळा. गाडगीळ आर्थिक इतिहास आणि सहकारातले, प्रवरेच्या साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. दांडेकर मूळचे संख्याशास्त्रातले. पण दांडेकर बाहेरून आलेले नव्हते. राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे देशभर घराघरांत जाऊन होणारी सरकारी पाहणी, तिच्या सुरुवातीच्या प्रश्नावल्यांवर याच संस्थेत जे काम झालं, त्यात ते होते. संचालक झाल्यावर पाच वर्षांत, 1971 ला, त्यांचा आणि नीलकंठ रथांचा दारिद्र्यावरचा अभ्यास आला. माणशी रोज 2250 कॅलरी पोटात जायला 1960-61 च्या किमतींनी महिन्याला किती लागतात? खेड्यात 15 रुपये, शहरात साडेबावीस. तेवढेही न मिळणारे खेड्यात सुमारे 40 टक्के, शहरात 50. देशभर त्यावर वाद झाला. आणि गाडगिळांच्या काळात सुरू झालेलं ‘अर्थविज्ञान’ त्रैमासिकही बंद पडलं नाही.

त्रास होतो तो खुर्ची रिकामी राहिली की. जाहिरात, छाननी, शोध समिती, मुलाखती, एखादा उमेदवार कोर्टात गेला तर आणखी लांबण. गोखले संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे संस्थेलाच विद्यापीठाचा दर्जा आणि प्रमुख कुलगुरू; तिथे 2024 मध्ये कुलगुरूंच्या नेमणुकीचा वाद हायकोर्टापर्यंत गेला. मुद्दा होता प्राध्यापकीच्या दहा वर्षांच्या अनुभवाचा. अशा मधल्या काळात प्रभारी संचालक असतात. ते रजेच्या आणि बिलांच्या सह्या करतात. नवी भरती किंवा मोठ्या पाहणीचा खर्च आला की फाइलवर शेरा पडतो, ‘नियमित संचालक रुजू झाल्यावर सादर करावे’. प्रभारींना दोष देण्यात अर्थ नाही, उद्या ऑडिटला उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. पण तुमचा विषय शेतमजुरीचा असेल आणि पेरणीच्या वेळची पाहणी मंजुरीअभावी हुकली, तर दिवाळीनंतर गावात जाऊन काय विचारणार? वर्ष गेलंच म्हणायचं.

आता गाइड. निवृत्त होणारे संचालकच गाइड म्हणून डोक्यात असतील तर तो विचार सोडा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांप्रमाणे सेवेची तीन वर्षंही उरली नसतील तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. आधीच्या विद्यार्थ्यांना ते निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, तेही सत्तरीपर्यंतच. म्हणून निदान पाच-सहा वर्षं नोकरी उरलेला गाइड बघा, आणि प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चारच विद्यार्थी असू शकतात, तेव्हा जागा आहे का तेही.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर फार काळजी नको, ते पैसे यूजीसीकडून थेट खात्यात येतात. संस्थेकडून दर महिन्याला हजेरीची खातरजमा वेळेवर जाते ना, एवढं कारकुनाला विचारून ठेवा. प्रकल्पातून मानधन मिळणार असेल तर मात्र प्रकल्प कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. जाणाऱ्या संचालकांच्या नावावर असला तर त्यांच्यानंतर तो कोण चालवणार, हे तोंडी ऐकून घेऊ नका, मेलवर मागा.

आणि ऑफिसात फोन लावून एवढंच विचारा: संचालकपदाची जाहिरात निघाली का? निघाली असेल तर बिनधास्त जा. ‘निघेल लवकरच’ म्हणाले, तर प्रवेश घ्या, पण पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि वाचनात घालवायच्या तयारीने.