दहा-दहा वर्षं रखडलेल्या गेमवर काम करणाऱ्या डेव्हलपरच्या करिअरचं काय होतं?

मी स्वतः अशा एका रखडलेल्या गेमवर तीन वर्षं घालवलीत, पुण्यातला स्टुडिओ, नाव विचारू नका, एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार केलाय. पगार वेळेवर पडत असतो त्यामुळं पहिली दोन वर्षं काही जाणवतच नाही बघा. मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट, म्हणजे गेममधली घरं, रस्ते, दुकानं करणारा. एका बाजाराच्या लेव्हलसाठी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या मंडईत जाऊन पाट्या, तागड्या, ओल्या पोत्यांचे फोटो काढून आणले, आठ महिने त्यावर बसलो, आणि मग वरनं निरोप आला की इंजिन, म्हणजे ज्यावर अख्खी गेम चालते ते सॉफ्टवेअर, बदलायचं. झालं, लायटिंग-टेक्स्चर सगळं परत. पुढं ती लेव्हलच कट झाली.

कोल्हापूरला घरी आलो की वडील विचारायचे, ते उद्यमनगरात फाउंड्रीत पॅटर्न करतात, "तीन वर्षात एक पीस बाहेर पडंना व्हय रे? आमच्यात तीन महिने डिस्पॅच थांबला तर मालक शटर ओढतोय." काय बोलणार, गप रस्सा ओरपायचा.

खरी गोची इंटरव्ह्यूला कळते. शिप काय केलंस, म्हणजे बाजारात काय आणलंस, विचारतात आणि गेम आलेली नसते, त्यामुळं त्यातला एक स्क्रीनशॉट पण पोर्टफोलिओत टाकता येत नाही. मधेच सोडून गेलात तर गेम आल्यावर तरी क्रेडिटमध्ये, म्हणजे करणाऱ्यांच्या यादीत, नाव येईलच असं नाही. एलए न्वार ही सिडनीच्या टीम बाँडी स्टुडिओची गेम, सात वर्षं चालली, 2011 ला आली तेव्हा शंभरावर लोकांची नावं गायब किंवा चुकीची, शेवटी त्यांनीच स्वतःची यादी नेटवर टाकली. स्टुडिओ पण त्याच वर्षी बुडाला.

ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर तर माहितीच असेल, 1997 ला जाहीर, पुढच्याच वर्षी क्वेक 2 चं इंजिन सोडून अनरियल घेतलं, 2009 ला ती करणाऱ्या थ्रीडी रेल्म्स कंपनीनं टीमच घरी पाठवली, त्यातल्या काहींनी तरी घरातनं काम रेटलं आणि गिअरबॉक्स या दुसऱ्या स्टुडिओनं 2011 ला ती एकदाची बाहेर काढली. चौदा वर्षं! आणि रिव्ह्यूत पार धुतली.

पण उशीर सगळ्यांना सारखा लागत नाही. द लास्ट गार्डियन 2009 ला दाखवली, आली 2016 ला, तिचे डायरेक्टर फुमितो उएदांनी मधेच सोनीतली नोकरी सोडली तरी त्यांना काय फरक पडला, नाव आधीच झालेलं. सिल्कसाँग 2019 ला जाहीर होऊन 2025 ला आली, पण ती करणारी टीम चेरी म्हणजे मूठभर माणसं, आधीच्या गेमचा पैसा हातात आणि मालक तेच. मार बसतो तो नोकरीवाल्या ज्युनियरला.

मी काय केलं तर राजारामपुरीत मित्राच्या खोलीवर शनिवार-रविवार बसून दोघांनी एक बारकी मोबाईल गेम केली, सहा महिन्यात प्ले स्टोअरवर. डाउनलोड लई नाहीत, खरं पुढच्या इंटरव्ह्यूला समोरच्यानं लिंक उघडली, तिथंच पाच मिनिटं खेळत बसला आणि म्हणाला, तिसरी लेव्हल जरा अवघड केलीय की रे तुम्ही.