कोल्हापुरात घटपर्णी बियांपासून घरी वाढेल का?

वाढेल, पण बी ताजं हवं, सगळं तिथंच अडतं. घटपर्णी म्हणजे नेपेंथिस, घटासारख्या पानांत किडे पकडणारी वनस्पती. तिचं बी धाग्यासारखं बारीक असतं, मध्ये इवलासा दाणा. उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही, म्हणून बी कधी काढलं हे न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊच नका.

स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) बारीक कातरून त्यात थोडं परलाइट (हलके पांढरे खडे) मिसळा. त्यावर बी नुसतं भुरभुरा, गाडू नका, त्याला उजेड लागतो. पारदर्शक झाकणाच्या डब्यात घालून खिडकीशी ठेवा, थेट ऊन नको. अंकुर यायला महिना-दोन महिने लागतात, कधी जास्तही. आधी दोन साधी पानं येतात आणि त्यानंतरच्या पानांनाच टाचणीच्या डोक्याएवढे घट! भिंग घेऊन बघाच.

पाणी पावसाचं किंवा आरओचं. बोअरचं अजिबात नको, क्षारांनी मुळं जळतात. आपल्याकडे पाऊस भरपूर, एक ड्रम साठवून ठेवा. शेणखत, युरिया काहीही घालू नका. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा झाकण काढायची घाई नको.

सारासेनिया ही दुसऱ्या जातीची घटपर्णी मात्र टाळा. ती उत्तर अमेरिकेची. बियांना फ्रीजमध्ये महिनाभर ओला गारवा आणि झाडाला थंडीतली विश्रांती लागते, ती इथं मिळत नाही. मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव घटपर्णी. ती संरक्षित आहे, त्यामुळे रोपवाटिकेत वाढवलेल्या झाडाचंच बी घ्या, जंगलातलं नको.