जिल्हा परिषद शाळेच्या गणवेशाचे नियम सगळ्या मुलांना सामावून घेणारे कसे करायचे?

विदर्भातल्या खेड्यातली पहिली ते आठवीची शाळा, गणवेश ठरवायचा शाळा व्यवस्थापन समितीने, आणि मुलगी, अपंग मूल, वेगळ्या समाजाचं मूल यांपैकी कोणीही वेगळं पडू नये, असं तुम्ही विचारलंय.

आधी पैशाचं बघा, चांगले नियम बहुधा तिथेच अडकतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून एका विद्यार्थ्याला दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळतात. म्हणजे एका जोडीला ३००, कापड आणि शिलाई धरून. योजना मुळात सर्व मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांसाठी होती. उरलेल्या मुलांना राज्याने २०२३-२४ पासून त्यात घेतलं. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आलं, बऱ्याच ठिकाणी कपडे उशिरा पोचले, मापात बसेनात, आणि २०२५-२६ पासून कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. तरी ठरावाआधी चालू वर्षाचं परिपत्रक वाचून घ्या. त्यात मोकळीक असेल तर दोन्ही जोड्या एकसारख्याच शिवा. एक साधा आणि एक स्काऊटचा केला की प्रत्येकाची एकच जोडी उरते, आणि श्रावणाच्या झडीत ती दोन-दोन दिवस वाळत नाही. मग मूल घरच्या कपड्यात येतं, नाहीतर येतच नाही.

आता मुख्य गोष्ट. नियमात ‘मुलांनी हे, मुलींनी ते’ असं लिहूच नका. रंग ठरवा, प्रकार दोन-तीन ठेवा आणि निवड पालक-विद्यार्थ्यावर सोडा: वर एकाच रंगाचा शर्ट किंवा कुर्ता, खाली गडद रंगाची फुल पँट, सलवार किंवा पोटऱ्या झाकणारा स्कर्ट. केरळात वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये सगळ्यांना शर्ट आणि तीन-चतुर्थांश पँट दिली. आपल्याकडे मात्र सगळ्यांवर पँट लादू नये असं माझं मत आहे. सभेत “पोट्टीले पँट काहून?” हा प्रश्न येणारच, आणि निवड खुली असली की त्याला “पाह्यजे तर सलवार घाला” एवढंच उत्तर पुरतं. निवड खुली असण्याचा आणखी एक फायदा आहे. ज्या मुलाला नोंदीतल्या लिंगाप्रमाणे ठरलेला कपडा नको असतो, त्याला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. २०१४ चा नालसा निकाल (तृतीयपंथीयांचे हक्क मान्य करणारा, सर्वोच्च न्यायालयाचा) आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा, दोन्ही याच बाजूचे आहेत.

खालचा कपडा गडदच हवा. पाळीच्या दिवसांत पांढरी सलवार हे सहावी-सातवीच्या मुलींच्या गैरहजेरीचं आयतं कारण होतं. पांढरा शर्टही नको, काळ्या मातीचे डाग त्यातून निघत नाहीत. खिसा सगळ्यांच्या कपड्याला ठेवा, कुर्त्यालाही. शिंपी तो हमखास गाळतो, म्हणून शिलाईच्या करारात लिहा. ओढणी सक्तीची करू नका. सायकलच्या चाकात ती अडकते, आणि ३०० रुपयांत तेवढं कापड बसतही नाही. ज्यांना हवी त्यांना घेऊ द्या.

अपंग मुलांचं माप स्वतंत्र घ्या. कॅलिपरवरून (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांवरून) पँट चढवायची तर पायाचा घेर मोठा हवा, नाहीतर गुडघ्यापासून खाली बाजूच्या शिवणीत चेन. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलाच्या पँटला मागचा खिसा नको, जाड शिवण नको (बसून बसून जखम होते), आणि कंबर मागून दोन इंच उंच ठेवा. हाताची पकड कमी असेल तर नाडी आणि हुक काढून इलास्टिक लावा, शर्टाला बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी. काही मुलांना कॉलरचं लेबल किंवा खरखरीत कापड सहन होत नाही. लेबल उसवा, कापड सुती द्या. हे उपकार नव्हेत. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातच आहे.

स्वेटरचा रंग ठरवू नका. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं आहेत आणि थंडीने त्यांना दुखण्याचा झटका येतो. गोधडी पांघरून आलं तरी चालेल. बुटांचंही तसंच: पावसाळ्यात चिखलात बूट रुततात, चप्पल-सँडल चालू द्या.

स्कार्फ, पटका, टोपी गणवेशाच्या रंगात चालेल, चेहरा दिसावा, एवढंच लिहा. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. तिथे न सुटलेला वाद गावच्या शाळेने अंगावर घेऊ नये. नवसाचे वाढवलेले केस, गोंदण, गळ्यातली मण्यांची माळ यांवर नियमच नको.

माप एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेतच घ्या, म्हणजे जूनअखेर शाळा उघडते तेव्हा कपडे तयार असतात. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणून पँटच्या पायाला तीन इंच आणि शर्टाला दोन इंच कापड आत दुमडून ठेवायला सांगा. सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आखडतं. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का पाहा. सगळं कापड एकाच लॉटचं घ्या. रंग तीन-चार वर्षं बदलू नका, म्हणजे मोठ्याचे कपडे धाकट्याला येतात.

समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा शिक्षण हक्क कायदा आहे, पण दुपारी सभा लावली तर बाया वावरात असतात. संध्याकाळी सातला ठेवा, नमुन्याचा शिवलेला कपडा समोर आणा, हात लावून पाहू द्या.

ठरावात एक वाक्य असंच्या असं घाला: “गणवेश नसल्याच्या कारणावरून कोणत्याही विद्यार्थ्याला वर्गाबाहेर ठेवले जाणार नाही, उभे केले जाणार नाही, दंड घेतला जाणार नाही.” शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मानसिक त्रासालाही बंदी आहे. सोबत लहान झालेले, धुतलेले कपडे ठेवायला शाळेत एक पेटी करा, मापाची चिठ्ठी लावून. त्यातल्या तीन-चार गडद सलवारी मात्र बाईंच्या ताब्यात ठेवा, मुख्याध्यापकांच्या कपाटात नको. तिथे जाऊन मागायला मुली धजत नाहीत.