३-६०एफ म्हणजे काय, आणि आधी काय बदलायचं

ताई, तुम्ही विचारलंय की पोराला वाढदिवसाला दोन बेब्लेड (लाँचरनं, म्हणजे फिरवून सोडायच्या यंत्रानं सोडायचे लढाईचे भोवरे) आणले, एकावर ड्रॅन सोर्ड ३-६०एफ लिहिलंय, दुसऱ्यावर विझार्ड ॲरो ४-८०बी, तर हे आकडे कसले, पार्ट आपापसात बदलले तर चालतं का आणि आता तिसरा "जास्त पॉवरवाला" कुठला घेऊ. बदललेलं चालतं, बिनधास्त बदला. तिसरा सध्या घेऊ नका.

हे दोन्ही बेब्लेड एक्समधले, २०२३ ला जपानात टाकारा टोमीनं काढलेली सिरीज. तीन तुकडे असतात. वरचं धातूचं चक्र म्हणजे ब्लेड, मधलं प्लास्टिकचं रॅचेट आणि खालचं टोक म्हणजे बिट. आपल्या भोवऱ्याला जशी आर असते ना तसं बिट समजा, फक्त इथं आर काढून दुसरी लावता येते. नाव वाचायचं सोपं आहे, ड्रॅन सोर्ड हे ब्लेडचं नाव, ३ म्हणजे रॅचेटला बाजूनं तीन उंचवटे, ६० म्हणजे रॅचेटची उंची ६ मिलिमीटर, एफ म्हणजे फ्लॅट बिट. तसंच ४-८०बी म्हणजे चार उंचवटे, ८ मिलिमीटर उंची, बॉल बिट. हॅस्ब्रो या दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर तेच नाव उलटं असतं, सोर्ड ड्रॅन, त्यामुळं लोक एकच वस्तू दोनदा घेऊन येतात (मीपण आणलीय, बायको अजून ऐकवते).

आता सगळे भुलतात ते ब्लेडला. चमकतंय, वजनदार आहे, ३० ग्रॅमच्या पुढं असतं, रॅचेट सहा-सात ग्रॅमचं आणि बिट बिचारं दोनेक ग्रॅमचं. पण चाळीस ग्रॅमचा तो गडी पळणार की एका जागी उभा राहणार हे ठरवतं ते दोन ग्रॅमचं बिट. फ्लॅट खालून सपाट, जमिनीला जास्त टेकतं म्हणून सैरावैरा पळतं आणि दमतंही लवकर. बॉल खालून गोल, मधे येऊन शांत फिरत बसतं आणि बराच वेळ टिकतं. नीडल टोकदार असतं, जागा सोडत नाही. टेपर या सगळ्यांच्या मधलं. बिट हातात घेऊन बघा, टोकाच्या वर बारीक दाते दिसतील. मी मागावरचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, दाते दिसले की आधी ते कशात अडकतात तेच बघतो, पण घरी पहिला महिनाभर आम्ही कणकेच्या परातीत खेळवत होतो, त्यात ते दाते कशात अडकणार? ड्रॅन सोर्ड दोन गिरक्या मारून परातीबाहेर, थेट फ्रीजखाली. पोरगा म्हणाला हे डुप्लिकेट आहे पप्पा. डुप्लिकेट काही नव्हतं. एक्सच्या स्टेडियमला, म्हणजे हे खेळवायच्या खोलगट रिंगणाला, कडेनं दात्यांची पट्टी असते, एक्स्ट्रीम लाइन म्हणतात, बिटचे दाते त्यात बसले की ते रूळावरून सुटल्यासारखं सुसाट येऊन समोरच्याला धडकतं. म्हणून पैसे घालायचेच तर तिसऱ्या बेब्लेडऐवजी स्टेडियमवर घाला.

पॉइंटही तसेच ठेवलेत, समोरचा आधी थांबला तर १, तुटून सुटा झाला किंवा स्टेडियमच्या बाजूच्या खिशात गेला तर २, आणि एक्स्ट्रीमच्या खिशात उडवला तर ३. चार पॉइंट झाले की जिंकलं. मग लवकर दमणारं फ्लॅट लोक का लावतात ते कळेल.

रॅचेटचं थोडक्यात सांगतो. ६० वालं बुटकं, तोल चांगला राहतो. ८० वालं उंच, त्याच्या खालच्या बाजूला समोरच्याचा मार बसतो आणि ते लवकर सुटं होतं. तुमचा ॲरो सारखा तुटतो असं लिहिलंय ते यामुळंच, वर बॉल बिटची पकड पण फ्लॅटपेक्षा ढिली असते. एकदाच करून बघा, ॲरोचं ४-८० काढून ड्रॅनचं ३-६० लावा, बिट बॉलच राहू द्या. एका वेळी एकच पार्ट बदलायचा बरं का, दोन बदलले तर कशानं फरक पडला तेच कळत नाही. बसवताना बिट रॅचेटमधे दाबायचं, खट्ट आवाज आला पाहिजे, मग रॅचेट ब्लेडमधे घालून फिरवायचं.

बर्स्ट नाहीतर मेटल फाइट या आधीच्या बेब्लेड सिरीजचे जुने पार्ट घरात असतील तर ते याला बसत नाहीत, ठोकून बसवू नका. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एका स्टॉलवरून मी दीडशेला एक घेतला होता, त्याचं रॅचेट खट्टच होत नव्हतं, लाँचरमधून सुटताना हवेतच तीन तुकडे. आणि कोबाल्ट ड्रॅगून नावाचा बेब्लेड कुणी सुचवला तर थांबा, तो डावीकडं फिरतो, त्याला लाँचर वेगळा लागतो.

सुटी बिटं एका डबीत ठेवा. शेंगादाण्यापेक्षा थोडी मोठी असतात, आमचं एक नीडल चार महिन्यांनी चटणीच्या बरणीमागं सापडलं.