जपानीत ‘आई’ म्हणजे प्रेम आणि मराठीत ‘आई’ म्हणजे माता. हा योगायोग आहे की या भाषांचे काही नाते आहे?

योगायोग आहे. जपानी भाषेने तो शब्द चिनीकडून चिन्हासकट घेतला. मराठीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. एवढ्यावर उत्तर संपवता आले असते, परंतु अशाच एका दोन अक्षरी शब्दावरून आमच्या घरात कित्येक वर्षे धुसफूस चालू आहे. तो शब्द म्हणजे ‘मामा’.

2018 साली माझी भाची वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसीला गेली. दाजींना रजा मिळाली नाही, म्हणून तिला पोहोचवायला मी गेलो. वसतिगृहाच्या बाईंना जॉर्जियन आणि रशियन उत्तम येत होते, इंग्रजी मोजून दहा शब्द. भाचीने ‘मामा, माझा पासपोर्ट तुझ्याकडे आहे ना?’ असे विचारताच बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्याकडे बोट करून ‘मामा?’ असे विचारले आणि परमुलखात आपले नाते कोणाला तरी कळले या आनंदात मी छातीवर हात ठेवून ‘मामा, मामा’ असे दोनदा सांगितले. त्यांनी जाड नोंदवहीतल्या एका रकान्यात माझे नाव आणि मोबाइल क्रमांक लिहिला व मी त्यापुढे सही ठोकली. तो रकाना वडिलांचा होता. जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे बाप, आणि आईला म्हणतात देदा. त्याच संध्याकाळी आम्ही टेकडीवरचा ‘कार्तलिस देदा’ हा उंच पुतळा पाहिला. एका हातात शत्रूसाठी तलवार, दुसऱ्या हातात पाहुण्यासाठी मद्याचा वाडगा. देदाचा अर्थ तेव्हाच विचारला असता, तर पुढचे सगळे टळले असते.

फेब्रुवारीत भाचीचा पाय घसरून मुरगळला. वसतिगृहाने रीतसर तिच्या ‘मामाला’, म्हणजे मला, रात्री अकराला फोन केला. पाय मोडलेला नाही हे कळल्यावर ताई-दाजींची झोप कशाला मोडावी, असा विचार करून मी त्यांना सकाळी कळवले. ‘तुम्ही मला मामा बनवलेत,’ असे दाजी म्हणाले. त्यावर ‘जॉर्जियन हिशेबाने तुम्ही मामा आहातच,’ असे मी बोलून गेलो, ती मात्र माझी चूक होती.

दाजींचे म्हणणे असे की, मामा हा शब्द मूळचा संस्कृत, तेव्हा तो तिकडे गेला तरी त्याचा अर्थ मामाच राहणार. सबब वडिलांच्या रकान्यात माझे नाव लागले ते मी जाणूनबुजून लावले म्हणूनच. हे साफ चुकीचे आहे. जॉर्जियन भाषा संस्कृतच्या कुळातलीच नाही. तिचे कूळ कार्टवेलियन, म्हणजे कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडच्या काही भाषांचे वेगळेच कूळ. ‘मा’ हा ध्वनी ओठ मिटून उघडले की निघतो, त्यामुळे तो बहुतेक तान्ह्यांच्या तोंडी लवकर येतो आणि त्याला अर्थ चिकटवतात ती भोवतीची मोठी माणसे. दूध पिता पिता मूल नाकातून हुंकारते, त्यातून आईसाठी ‘म’चे शब्द रूढ होतात, अशी मांडणी भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी 1960 च्या सुमारास केली. त्यांच्यासमोर मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून जमवलेले आईबापांसाठीचे 1,072 शब्द होते. पण हा कल आहे, कायदा नव्हे. तुर्कीत मामा म्हणजे बाळाचे खाणे, जसे आपले मंमं. ऑस्ट्रेलियातल्या पित्जान्त्जात्जारा भाषेत मामा म्हणजे पुन्हा बापच. आपण तान्ह्याकडे ज्या ‘पापा’ची मागणी करतो, तो शब्द निम्म्या जगाला वडिलांची हाक वाटेल. जॉर्जियात मामा आणि देदा हे दोन्ही शब्द मुळापासून रुजलेले आहेत: पाद्र्याला हाक मारतात ‘मामाओ’ आणि कोंबड्याला म्हणतात ‘मामाली’. तिथले शिक्षणतज्ज्ञ याकोब गोगेबाश्विली यांनी 1876 साली काढलेल्या मुळाक्षरांच्या पुस्तकाचे नाव ‘देदा एना’, म्हणजे मातृभाषा. असे शब्द कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागत नाहीत.

तेव्हा एका शब्दावरून भाषांची सोयरीक जुळवू नका. अनेक शब्दांत एका ध्वनीच्या जागी ठरावीक दुसरा ध्वनी नियमाने येत असेल, तरच नात्याचा विचार करावा. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी की सगळीच साम्ये योगायोगाची नसतात. साखरेला जॉर्जियनमध्ये ‘शाकारी’ म्हणतात आणि तो शब्द खरोखरच आपल्या शर्करेचा, फारसीच्या वाटेने गेलेला. बाजारातला माल आपले नाव बरोबर घेऊन फिरतो. घरातली हाक सहसा तशी फिरत नाही. हा फरक मी दाजींना तीन दिवाळ्या समजावला, तरी ते साखरेचेच उदाहरण माझ्यावर उलटवतात.

नोंद पुढे दुरुस्त झाली. मात्र दुरुस्तीच्या अर्जावर वडिलांची सही लागत होती, आणि तिथल्या वहीप्रमाणे ती मलाच करावी लागली. दाजी तो अर्जही पुरावा म्हणून जपून आहेत.