जकार्डचं कार्ड आणि मुलीचा कॅमेरा

नमस्कार,

तुम्ही सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या मागावर, मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिला 'कॅमेऱ्यात' एम.टेक. करायचंय आणि तुम्ही विचारता, "फोटो काढायला एवढं शिकायचं कशाला?"

तिला फोटो काढायचेच नाहीत, साहेब. अर्धवट मोजलेल्या प्रकाशातून पूर्ण चित्र गणिताने उभं करायचंय; या विषयाला 'कॉम्प्युटेशनल इमेजिंग' म्हणतात. मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्डच्या कार्डात भोक असेल तिथलाच धागा उचलला जातो, हे तुम्हाला मी काय सांगणार! या कॅमेऱ्यातही भोकांचं तसंच एक कार्ड असतं. भोकांतून आलेला प्रकाश रंग वेगळे करणाऱ्या काचेच्या लोलकातून (प्रिझममधून) जातो, प्रत्येक रंग थोडाथोडा सरकतो आणि सगळे रंग एकाच सेन्सरवर एकमेकांवर पडतात. हाती येतो नुसता गिचमिडा. पण कार्ड आपणच पाडलेलं, म्हणून गुंता सोडवता येतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००७ च्या सुमारास असा कॅमेरा तयार झाला. त्याच साली एमआयटीतल्या मंडळींनी भिंगात कार्ड बसवलं आणि धूसरपणाच्या आकारावरून वस्तू किती लांब आहे ते एकाच फोटोतून काढलं.

२५६ बाय २५६ ठिपक्यांचं चित्र आणि ३१ रंगपट्टे (म्हणजे प्रकाशाचे ३१ वेगवेगळे रंग) धरले, तर शोधायचे आकडे २० लाखांवर, मोजलेले जेमतेम ७३ हजार. जितके अज्ञात आकडे तितकी समीकरणं हवीत, या शाळेतल्या नियमाने हे सुटायलाच नको. सुटतं, कारण खऱ्या दृश्यात तेच ते पुन्हा पुन्हा येतं, चादरीतल्या नक्षीसारखं.

म्हणून आधी तिची परीक्षा घ्या. कोलंबिया विद्यापीठाचा 'केव्ह' नावाचा ३१ पट्ट्यांचा डेटा फुकट मिळतो. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तिने स्वतः कार्ड बनवावं, रंग सरकवून बेरीज करावी आणि मूळ चित्र परत काढून दाखवावं. पहिल्यांदा कचराच येईल. दोन महिन्यांनीही ती त्या कचऱ्याशी झटत असेल तर खुशाल पाठवा. या सगळ्यामागच्या गणिताचा, म्हणजे लिनिअर अल्जिब्राचा, कंटाळा असेल तर मात्र हा नाद नको, मग कॅमेरा कितीही आवडो.

सोलापुरात या कामाची नोकरी मिळेल अशी आशा ठेवू नका. बेंगळुरू-हैदराबाद गाठावं लागेल. विषय मात्र घरचा मिळू शकतो. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे. पानावरचा तेल्या (डाळिंबाचा रोग) डोळ्यांना दिसण्याआधी रंगपट्ट्यांत पकडता येईल का, हे तिने तिथे जाऊन विचारावं.

शिक्षणासाठी आयआयटी मद्रास किंवा बेंगळुरूची आयआयएससी. गेट या प्रवेश परीक्षेवर प्रवेश मिळाला तर विद्यावेतन मिळतं, त्यामुळे कर्जाची धास्ती आत्ताच नको. तिसऱ्या वर्षालाही गेट देता येते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात.