रिटायर झालेल्या सरांचं शाळेचं ईमेल अकाउंट लगेच डिलीट करावं का?

लगेच तर अजिबात करू नका. मी तासगावकडच्या एका हायस्कूलात शिकवतो, शाळेच्या गूगल वर्कस्पेसचं (म्हणजे शाळेच्या नावानं चालणारं गूगलचं मेल, ड्राईव्ह, क्लासरूम वगैरे) ॲडमिनचं, म्हणजे सगळ्यांची अकाउंटं सांभाळायचं कामही माझ्याकडंच आहे, म्हणून अनुभवावरनं सांगतोय.

आपल्याकडं बऱ्याच गुरुजींची जन्मतारीख १ जून, म्हणजे ३१ मे ला रिटायर, शाल-श्रीफळ झालं की संपलं. एका वर्षी मी दुसऱ्याच दिवशी गणिताच्या सरांचं अकाउंट उडवलं, ड्राईव्हच्या फायली कुणाकडं द्यायच्या ते डिलीट करताना विचारतं, तिथं कुणालाच निवडलं नाही. डिलीट केलेलं अकाउंट २० दिवसांच्या आतच परत आणता येतं, आणि शाळा उघडली, प्रवेशाची गडबड संपली आणि दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका शोधायला बसलो तोवर जुलै लागला होता. सरांची कित्येक वर्षांची मेहनत गेली, त्यांना फोन करून सांगताना जीव तुटला.

आता आम्ही मार्चपासनंच सुरुवात करतो. फायलींची मालकी आणि क्लासरूममधले वर्ग दुसऱ्या शिक्षकांच्या नावावर करतो, आणि सरांच्या शेजारी बसून त्यांचे स्वतःचे फोटो, मेल वगैरे त्यांच्या घरच्या जीमेलवर पाठवतो, आपला डेटा बाहेर काढून द्यायची गूगलची सोय आहे, गूगल टेकआउट, त्यातनं ते होतं, वेळ लागतो एवढंच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँक, विमा, पेन्शनची कागदपत्रं, कुठंकुठं शाळेचाच मेल दिलेला असतो, ओटीपी तिथंच येतात, ते सगळं आधी बदलून घ्यायला लावा. आयुष्य शाळेला दिलेल्या माणसाला पेन्शनसाठी हेलपाटे घालायला लावणं मला पटत नाही, म्हणून आम्ही सहा महिने अकाउंट चालूच ठेवतो आणि नवीन पत्ता सांगणारा ऑटो रिप्लाय लावतो.

त्यानंतर अकाउंट सस्पेंड करा, म्हणजे डिलीट न करता नुसतं बंद ठेवा. सस्पेंड केलं तरी शेअर केलेल्या फायली इतरांना दिसतात, फक्त नवीन मेल पाठवणाऱ्याकडं परत जातो. फुकटच्या एज्युकेशन प्लॅनमध्ये अख्ख्या शाळेला मिळून १०० टीबी जागा असते, त्यामुळं जागेसाठी घाई करायची गरज नाही.

आणि हो, जाणारे सरच एकटे सुपर ॲडमिन (सगळे अधिकार असलेला ॲडमिन) असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी दुसरा सुपर ॲडमिन करा. तुम्ही आधीच डिलीट केलं असेल तर आजच ॲडमिन कन्सोलमध्ये (ॲडमिन जिथनं अकाउंटं सांभाळतो ते पान) युजर्सच्या यादीत नुकत्याच डिलीट झालेल्यांचा फिल्टर लावून बघा, २० दिवस झाले नसतील तर अकाउंट परत येईल.